दहा गोळ्यांवरून अख्ख्या बॅचची सरासरी: कॉन्फिडन्स इंटरव्हल हाताने काढताना

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी औषधाच्या दहा गोळ्या तोलल्या, बेरीज केली, दहाने भागलं आणि साहेबांना सांगितलं, “सरासरी ५०१ मिलिग्रॅम.”

त्यांनी मान वर न करता विचारलं, “कशाची?”

“गोळ्यांची.”

“कुठल्या गोळ्यांची? तू तोललेल्या दहांची सरासरी मला नकोय. त्या दहा तर आता टाकूनच द्यायच्या. मला बॅचची सांग.”

बॅचमध्ये लाखो गोळ्या होत्या. त्या सगळ्या तोलणं शक्य नव्हतं आणि दहांवरून लाखोंबद्दल ठामपणे एक आकडा सांगणं खोटेपणाचं होतं. मग सांगायचं काय? सांगायची ती एक पट्टी: ‘इथपासून इथपर्यंत’, आणि ही पट्टी काढायची पद्धत किती भरवशाची आहे तेही सोबत. पाठ्यपुस्तकात तिला विश्वास अंतराल म्हणतात. आम्ही आपलं कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणायचो, घाईत असलो की नुसतं सीआय.

पुढे कित्येक वर्षं मी हेच करत आले, आणि हाताखाली आलेल्या नव्या मुलामुलींना शिकवत आले. सॉफ्टवेअर क्षणात उत्तर देतं हे खरं, पण एकदा तरी कागदावर काढाच. ज्यांनी कधीच हाताने काढलेलं नसतं, ते सॉफ्टवेअरने चुकीचं उत्तर दिलं तरी तेवढ्याच आनंदाने लिहून घेतात.

आकडेमोड

त्या दिवशीच्या वजनांसारखीच, पण हिशोबाला सोपी अशी दहा वजनं घेते, मिलिग्रॅममध्ये:

४९८, ५०३, ५०१, ४९६, ५०५, ४९९, ५०२, ५०७, ५००, ४९९

बेरीज ५०१०, म्हणून नमुन्याची सरासरी ५०१. बॅचची खरी सरासरी, म्हणजे समष्टीची (ज्यातून नमुना उचलला त्या सगळ्या गोळ्यांची) सरासरी, ही एकच ठरलेली संख्या आहे, फक्त आपल्याला ती दिसत नाही. ५०१ हा तिचा अंदाज. दुसऱ्या दहा गोळ्या उचलल्या असत्या तर ४९९.८ आला असता, तिसऱ्या दहांना ५०२.१. हा अंदाज किती हलतो, ते आपल्याला हवंय.

त्यासाठी आधी गोळ्या आपसात किती वेगळ्या आहेत ते बघायचं. प्रत्येक वजनातून ५०१ वजा करा:

−३, २, ०, −५, ४, −२, १, ६, −१, −२

इथे थांबून या फरकांची बेरीज करा. ती शून्य यायलाच हवी. नाही आली तर सरासरी चुकली आहे, पुढे जाऊ नका. ही फुकटची तपासणी आहे आणि निम्मे लोक ती करत नाहीत.

आता वर्ग: ९, ४, ०, २५, १६, ४, १, ३६, १, ४. बेरीज १००.

या शंभराला कितीने भागायचं? गोळ्या दहा आहेत, तरी भागायचं नऊने. कारण वरच्या तपासणीतच आहे. फरकांची बेरीज शून्य असणार हे आधीच ठरलेलं असेल तर नऊ फरक कळल्यावर दहावा आपोआप कळतो. त्याला स्वतःचं काही सांगायला उरत नाही. म्हणजे स्वतंत्र माहिती नऊचीच. यालाच ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणतात, आणि अशा एका नमुन्याच्या हिशोबात ती नमुन्याच्या संख्येपेक्षा एकाने कमी. दुसऱ्या बाजूने बघायचं तर आपण फरक मोजले ते नमुन्याच्याच सरासरीपासून, आणि ती सरासरी या दहांच्या बरोबर मधोमध बसलेली असते. खऱ्या सरासरीपासून मोजले असते तर वर्गांची बेरीज कधीच कमी भरली नसती, बहुतेक वेळा जास्तच भरली असती. नऊने भागल्याने ती तूट भरून निघते.

१०० ÷ ९ = ११.११. वर्गमूळ ३.३३. हे नमुन्याचं प्रमाण विचलन.

पुढची पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. ३.३३ हा एकेका गोळीचा हलतेपणा आहे. आपल्याला हवा आहे दहा गोळ्यांच्या सरासरीचा. सरासरीत जड गोळी हलक्या गोळीला सांभाळून घेते, म्हणून सरासरी एकट्या गोळीपेक्षा कमी हलते. किती कमी? नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पटीने. √१० म्हणजे ३.१६२.

३.३३३ ÷ ३.१६२ = १.०५४

ही प्रमाण त्रुटी. नावात त्रुटी असली तरी यात कुणाची चूक नाही. नमुना घेतला की हे डगमगणं आलंच.

आता शेवटचा गुणक. ९५ टक्के भरवसा हवा तर प्रमाण त्रुटीला कितीने गुणायचं? ज्यांनी थोडंफार संख्याशास्त्र शिकलंय ते झटकन म्हणतात १.९६. तो आकडा झेड तक्त्यातला आहे, आणि तो बरोबर ठरतो तो समष्टीचं प्रमाण विचलन आधीपासून पक्कं माहीत असेल तेव्हा. मला माझ्या नोकरीत असा प्रसंग जवळपास आलाच नाही. ज्याची सरासरी माहीत नाही त्याचं विचलन मात्र नेमकं माहीत, असं क्वचितच घडतं. आपण ते या दहा गोळ्यांवरूनच काढलं, म्हणजे तेही डगमगतं. त्या जादा अनिश्चिततेची भरपाई टी तक्ता करतो.

टी तक्त्यात ९ डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या ओळीत, ९५ टक्क्यांच्या रकान्यात २.२६२ आहे. काही तक्त्यांत रकान्यावर ०.९७५ किंवा ०.०२५ लिहिलेलं असतं. घाबरू नका, तो हाच रकाना. उरलेले ५ टक्के दोन्ही टोकांना अडीच-अडीच असे वाटले जातात म्हणून.

२.२६२ × १.०५४ = २.३८

५०१ − २.३८ = ४९८.६२ आणि ५०१ + २.३८ = ५०३.३८.

झालं. बॅचच्या सरासरीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ४९८.६ ते ५०३.४ मिलिग्रॅम. एका ओळीत लिहायचं तर: सरासरी ± टी × (प्रमाण विचलन ÷ √नमुना संख्या).

टी तक्त्याचा जन्म मला फार आवडतो, कारण तो आमच्यासारख्याच माणसाच्या अडचणीतून झाला. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कारखान्यात काम करणारा रसायनतज्ज्ञ. मद्य बनवण्याच्या प्रयोगांत त्याच्या हाती चार-सहाच निरीक्षणं असायची आणि तेव्हाची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी होती. त्याने १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात छोट्या नमुन्यांचं उत्तर छापलं, तेही ‘स्टुडंट’ या टोपणनावाने, कारण कारखान्याला आपल्या माणसांनी स्वतःच्या नावावर लेख छापणं पसंत नव्हतं. म्हणून आजही ते ‘स्टुडंट्स टी’. विद्यार्थ्यांसाठीचं सोपं सूत्र असा अर्थ मी कित्येक दिवस लावत होते.

माझी चूक

पहिल्या खेपेला मी दोन गोष्टी चुकवल्या होत्या. नऊऐवजी दहाने भागलं आणि टीऐवजी १.९६ घेतलं. वरच्या आकड्यांवर तसं करून बघा: १०० ÷ १० = १०, वर्गमूळ ३.१६२, त्याला √१० ने भागलं की बरोबर १. इतका गोंडस आकडा आल्यावर कुणाला शंका येईल? अंतराल आला ४९९.०४ ते ५०२.९६. सुबक, अरुंद, आणि चुकीचा. एवढ्या छोट्या नमुन्यावर ही पद्धत वापरली तर तो अंतराल ९५ टक्क्यांचा राहत नाही. नावाला ९५, प्रत्यक्षात ९०च्या आसपास. म्हणजे वीसात एकदा चुकेन असं सांगून मी दहात एकदा चुकत होते.

नमुना मोठा झाला की हा फरक विरघळतो. ३० गोळ्यांना टी २.०४५ होतो, पुढे हळूहळू १.९६ कडे सरकतो. ‘तीसच्या वर झेड चालतो’ हा जो नियम सांगतात तो तक्ते छापील पुस्तकातून बघायचे त्या काळातला. आता टी काढायला काही कष्ट पडत नाहीत, तेव्हा सरळ नेहमी टीच वापरा.

९५ टक्के कशाचे?

हे नीट समजून घ्या, कारण आकडेमोड बरोबर करूनही माणसं इथे आपटतात.

एका मुलाने अहवालात लिहिलं होतं, ‘९५ टक्के गोळ्यांचं वजन ४९८.६ ते ५०३.४ च्या दरम्यान आहे.’ मी त्याला म्हटलं, तुझ्याच दहा गोळ्या मोज. ४९६, ४९८, ५०५, ५०७: दहापैकी चार बाहेर! अंतराल सरासरीबद्दल आहे, गोळ्यांबद्दल नाही. पुढच्या एका गोळीचं वजन कुठे पडेल असं विचारलं तर ते वेगळं अंतराल, आणि ते खूप रुंद असतं: प्रमाण विचलनाला √(१ + १/१०) ने गुणायचं, मग टीने. इथे ते साधारण ४९३.१ ते ५०८.९ येतं.

दुसरी चूक जास्त शहाण्या लोकांची. ‘खरी सरासरी या अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के.’ ऐकायला ठीक वाटतं. पण खरी सरासरी ही हलणारी वस्तू नाही. ती ५०० असेल तर ५००च आहे, आणि ४९८.६ ते ५०३.४ मध्ये ती एक तर आहे किंवा नाही. हलतो तो अंतराल, कारण तो नमुन्यावर अवलंबून आहे. ९५ टक्के हे पद्धतीचं प्रगतिपुस्तक आहे: याच रीतीने पुन्हापुन्हा नमुने घेत आणि अंतराल काढत गेलो, तर त्यातले सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या सरासरीला पोटात घेतील. आपल्या हातातला अंतराल त्या ९५ मधला की उरलेल्या ५ मधला, हे कधीच कळत नाही. १९३७ साली जेर्झी नेमनने हा सिद्धांत सविस्तर मांडला तेव्हाही त्याने हेच बजावलं होतं, तरी गोंधळ चालूच आहे.

शब्दांनी हे कुणाला पटत नाही. मला स्वतःलाही पटलं नव्हतं. स्प्रेडशीट उघडा आणि दहा रकाने, शंभर ओळी भरा. प्रत्येक खान्यात सरासरी ५०० आणि विचलन ३ असलेल्या प्रसामान्य वितरणातला (मधे गर्दी, दोन्ही टोकांना विरळ, अशा घंटेच्या आकाराच्या) यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडणारा आकडा. एक्सेलमध्ये ‘नॉर्म डॉट इन्व्ह’च्या पोटात ‘रँड’ घातलं की तो मिळतो. प्रत्येक ओळीपुढे सरासरी, विचलन आणि अंतरालाची दोन टोकं काढा. आता किती ओळींच्या अंतरालात ५०० येतं ते मोजा. इथे खरी सरासरी तुम्हीच ठरवलेली असल्याने लपवाछपवी नाही. कधी ९४ येतील, कधी ९७, कधी ९३. पुनर्गणनेची कळ दाबत राहा, आकडे ९५ च्या अवतीभवती नाचत राहतील. चुकलेल्या ओळी बघा: त्यांचं अंतरालही तितकंच सभ्य दिसतं. आपण चुकलोय असं कुठेही लिहिलेलं नसतं. ते बघून मला थोडी धास्तीच वाटली होती.

सूत्राच्या आधीचं काम

हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं, पण आकडे बघितल्याशिवाय ते कुणी मनावर घेत नाही.

एकदा यंत्र नुकतंच जुळवलं होतं आणि मी बाहेर पडणाऱ्या सलग दहा गोळ्या ओंजळीत घेतल्या. अंतराल इतका अरुंद आला की मी तो कौतुकाने दाखवला. दोन तासांनी दुसरा नमुना घेतला, तर त्याचं अंतराल पहिल्याला शिवतसुद्धा नव्हतं. मधल्या काळात यंत्रात भुकटी भरण्याचं प्रमाण सरकलं होतं. सलग पडलेल्या गोळ्या एकमेकींसारख्या असतात. एकाच घरातल्या दहा जणांना मत विचारून साऱ्या गावाचं मत कळलं म्हणण्यातली गत. सूत्र धरून चालतं की निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि यादृच्छिकपणे उचललेली आहेत. ते तसं नसेल तर सूत्र तक्रार करत नाही, मुकाट्याने उत्तर देतं.

तेव्हापासून मी आधी कागदावर वेळा किंवा क्रमांक ठरवायचे आणि मगच उचलायचे. ढिगातून ‘सहज’ उचलायला गेलं की हात नकळत अखंड, गुळगुळीत गोळीकडे जातो.

बॅलन्सचंही, म्हणजे तोलायच्या काट्याचंही तेच. तो शून्याला नीट बसलेला नसेल आणि प्रत्येक वजन २ मिलिग्रॅमने जास्त दाखवत असेल, तर अंतरालाची रुंदी तेवढीच राहील, फक्त तो चुकीच्या जागी बसेल. कॉन्फिडन्स इंटरव्हल नमुन्याच्या योगायोगाचा हिशोब करतो. मोजमापातल्या कायमच्या दोषाबद्दल त्याला काही माहीत नसतं.

आणि हिशोबाआधी आकडे नुसते डोळ्यांखालून घाला. वरच्या यादीत ५०७ च्या जागी चुकून ५७० टाइप झालं, तर सरासरी ५०७.३ होते, प्रमाण विचलन २२ च्या वर जातं आणि अंतराल होतो ४९१.४ ते ५२३.२. दोन अंकांच्या अदलाबदलीने एवढं. रेघ ओढून तिच्यावर दहा टिंबं मांडली तरी असा आकडा लगेच दिसतो. टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त करा. खरोखरच तसं वजन असेल, तर ते गपचूप वगळू नका. का आलं ते शोधा, आणि वगळलंच तर तसं लिहा.

टी पद्धत मुळात प्रसामान्य वितरणासाठी आहे. आकडे थोडेफार वेडेवाकडे असले तर ती सांभाळून घेते, नमुना मोठा असेल तर केंद्रीय सीमा प्रमेयामुळे (मोठ्या नमुन्यांच्या सरासऱ्या स्वतःच घंटेच्या आकाराजवळ जातात) बरंच सांभाळते. पण दहा-बाराच निरीक्षणं आणि एका बाजूला लांब शेपूट (वाट बघण्याचे वेळ, खर्चाचे आकडे असे असतात), तर तिच्यावर फार विसंबू नका. आकड्यांचे लॉग (लॉगरिदम) घेऊन बघा, पण मग उत्तर साध्या सरासरीचं नसतं हे लक्षात ठेवा, किंवा जाणकाराला विचारा.

रुंद वाटतंय?

साहेबांचा पुढचा प्रश्न ठरलेला: “जरा अरुंद करून दे.” ९० टक्क्यांवर उतरलं तर गुणक १.८३३, अंतराल ४९९.१ ते ५०२.९. ९९ टक्के हवे तर ३.२५०, अंतराल ४९७.६ ते ५०४.४. जास्त भरवसा हवा तर जास्त रुंद पट्टी, याला पळवाट नाही. आणि उत्तर बघून मग टक्केवारी निवडणं ही तर लबाडीच. ती आधी ठरवायची.

खरा उपाय म्हणजे जास्त गोळ्या. पण वर्गमूळ इथे कंजूषपणा करतं: रुंदी निम्मी करायला नमुना सुमारे चौपट लागतो. ± १ मिलिग्रॅम हवं असेल तर अंदाज असा: १.९६ ला ३.३३ ने गुणा, १ ने भागा, वर्ग करा. साधारण ४३ येतात. टीसाठी दोन-तीन वाढवून ४६ धरा. हा हिशोब तोलायला बसण्याआधी करायचा असतो.

समष्टीच छोटी असेल, म्हणजे ६० पैकी १० तोलल्या, तर प्रमाण त्रुटीला √(५० ÷ ५९) ने, म्हणजे ०.९२ ने गुणायचं. लाखोंच्या बॅचला याची गरज नाही.

आता एक्सेल. प्रमाण विचलनासाठी शेवटी ‘एस’ असलेलं फंक्शन घ्या. ‘पी’वालं दहाने भागतं, म्हणजे माझी जुनी चूक. ‘कॉन्फिडन्स डॉट टी’ला तीन गोष्टी द्यायच्या: ०.०५, प्रमाण विचलन, नमुना संख्या. पहिल्या जागी ०.९५ टाकलं तर हास्यास्पद अरुंद पट्टी मिळते. आणि हे फंक्शन फक्त २.३८ देतं; सरासरीत मिळवणं-वजा करणं तुमचं तुम्ही. ‘कॉन्फिडन्स डॉट नॉर्म’ झेड वापरतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

अहवालात मी असं लिहायची: ‘सरासरी ५०१.० मिलिग्रॅम, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ४९८.६ ते ५०३.४, टी पद्धत, १० गोळ्या, बॅचच्या पूर्ण वेळेत विखरून घेतलेल्या.’ ५०१.० ± २.३८४४ असले चार दशांश लिहू नका. बॅलन्स पूर्ण मिलिग्रॅम दाखवतो आणि आपण दहा-हजारांशापर्यंतच्या गप्पा मारतो.

साहेब तो कागद वाचायचे आणि विचारायचे, “म्हणजे ५०० आहे की नाही?” मी सांगायची, “५०० अंतरालात आहे, म्हणून ५०० नाही असं म्हणायला आधार नाही. पण ४९९.५ पण आत आहे आणि ५०२ पण.” ते चिडायचे. मग विचारायचे, अजून किती गोळ्या तोलाव्या लागतील, आणि मी वर्गमुळाचा कागद पुढे करायची.